नागर आणि नांगर

केशोरीपासून समुद्र किती लांब, याचा हिशोब आमच्या गावात कुणी केला नसेल. करायचं कारणच नव्हतं. आमचं पाणी म्हणजे तलाव, बोड्या आणि गाढवी नदी. गोठणगावाजवळ तिच्यावर इटियाडोहचं धरण आहे. एवढं मोठं पाणी पाहिलं तरी आमच्या म्हाताऱ्या माणसांचा श्वास थांबायचा. तलावात ढिवरांचे डोंगे असायचे. डोंगा थांबवायचा तर ढिवर गाळात बांबू रोवायचा आणि त्याला दोर बांधायचा. याला काही नाव असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पाचवीत असताना वाचनात एक वाक्य आलं : जहाज बंदरात नांगरले. मी धान पिकवणाऱ्या घरातला पोरगा. पहाटे बाबांच्या मागं भाकरीचं फडकं घेऊन बांधीत जायचो. माझ्या डोळ्यांपुढं लगेच चित्र उभं राहिलं. मोठं जहाज, त्याला हल्ल्यांची जोडी जुपलेली, आणि बंदर म्हणजे काहीतरी वावरासारखी जागा, तिच्यात तास पाडत जहाज चाललंय. गुरुजींनी अर्थ विचारला तेव्हा मी उभा राहून हेच सांगितलं. वर्ग हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, "अरे, तो नांगर वेगळा आणि हा नांगर वेगळा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि आधी नांगर म्हणायला शिक, नागर नाही." माझ्या वहीत तोच शब्द अनुस्वाराशिवाय लिहिलेला होता, त्याचा अर्धा मार्क कापला.

आमच्या झाडीबोलीत नागरच म्हणतात. फाळाला फार, पाण्याला पानी, डोळ्याला डोरा. ळ आणि ण आमच्या जिभेवर फारसे बसत नाहीत आणि नांगरातला अनुस्वारही कुठंतरी गळून पडला. पण हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की आमच्या घरात शब्द चुकीचा बोलतात.

त्याच मोसमात ताईच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले होते. जेवणं झाली, पाहुणे निघायच्या गडबडीत. बाबा म्हणाले, "आजचा दिवस थांबा जी. उद्या नागर जुपाचा आहे, सकारी बांधीवर जाऊन येऊ." मी खाटेच्या कडेला बसलो होतो. म्हणालो, "बाबा, नागर नाही, नांगर म्हणावं."

पाहुणे कौतुकानं हसले. पोरगा हुशार आहे म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, विषय संपला. पण त्यानंतर माझ्या लक्षात आलं की माझ्यासमोर बाबा तो शब्दच उच्चारत नाहीत. औत म्हणतात. "औत काढ." "औत ओलं झालं." आईशी बोलताना नागर, ढिवरांशी बोलताना नागर, हल्ल्यांना शिव्या देताना नागर, मी आलो की औत. मी हे कुणाला कधी सांगितलं नाही.

पुढं मी नोकरीला मुंबईला आलो, १९८४ साली. केशोरीहून अर्जुनी, तिथून छोट्या लाइनीची गाडी धरून गोंदिया आणि गोंदियाहून रात्रभराचा प्रवास. माझगावजवळच्या एका कचेरीत कारकुनी होती. दुपारी डबा खाऊन आम्ही दोघंतिघं भाऊच्या धक्क्यावर फिरायला जायचो. रेवस आणि मोऱ्याच्या लाँची तिथून सुटतात, मासळीच्या होड्या लागतात. तिथं मी पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून ऐकलं, "नांगर टाक रे, नांगर." पाण्यात धपकन काहीतरी पडलं. चार वाकड्या लोखंडी नख्या असलेलं एक दांडकं. पाचवीतला तो तास आठवला आणि कान गरम झाले.

एका रविवारी कचेरीतल्या एका कोळी मित्रानं अलिबागजवळच्या थळला नेलं. त्याच्या मामाची होडी होती. थळच्या किनाऱ्यावरून समोर पाण्यात दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. आम्ही खांदेरीच्या बाजूला जरा आत गेलो आणि मामांनी होडी थांबवली. मी म्हटलं, "मामा, नांगर जड असतो म्हणून होडी थांबते ना?" ते माझ्याकडं दयेनं पाहत राहिले. त्यांच्या बोलीत म्हणाले की वजनानं होडी थांबली असती तर मग दगडच बांधला असता. होरी (होडीला ते होरी म्हणतात) थांबते ती नख्या मातीत घुसतात म्हणून. नख्या घुसायच्या तर नांगर आडवा पडला पाहिजे आणि होडीची ओढ जमिनीच्या सोबतीनं आली पाहिजे, वरून नाही. त्यासाठी दोर लांब सोडायचा. पाणी पाच वाव असेल तर दोर पंचवीस वाव तरी हवा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. वादळ असलं तर आणखी सोडायचा. मोठ्या जहाजांना दोराऐवजी साखळी असते. तिच्या वजनानंच ओढ तळाशी राहते.

"आणि काढायचा कसा?"

"दोर आखूड करत त्याच्या डोक्यावर जायचं. सरळ वर ओढलं का सुटतो. तेवढंच." मग हसून म्हणाले, खडकात अडकला तर मात्र सुटत नाही, दोर कापायला लागतो. गाळ चांगला, वाळू चालते, खडक वाईट. गाळ चांगला हे ऐकून मला बरं वाटलं. गाळ आमच्या ओळखीचा होता.

खांदेरीसमोर बसूनच मामांनी १६७९ ची गोष्ट सांगितली, आणि नंतर ती मी पुस्तकांत वाचली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी, मायनाक भंडारी यांच्या हाताखालच्या दीडशे जणांनी, हे बेट ताब्यात घेऊन तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबईच्या तोंडाशीच किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाचं आरमार चौलच्या बाजूनं वल्हवत आलं. इंग्रजांची जहाजं बेटाजवळ नांगरून पडली होती. मराठी गलबतं इतक्या वेगानं आली की नांगर उचलून शिडं उभारायलाही पुरता वेळ मिळाला नाही, असं इंग्रजांच्याच बाजूच्या वर्णनात आहे. डव्ह नावाची गुराब अर्ध्या तासात मराठ्यांच्या हाती लागली. रिव्हेंज नावाची फ्रिगेट मात्र एकटी लढली आणि मराठी आरमाराला त्या दिवशी नागोठण्याच्या खाडीकडं परतावं लागलं. तरी बेट सुटलं नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा उठवला, खांदेरी मराठ्यांकडंच राहिली.

शाळेत आम्हाला आरमाराचा धडा होता. त्यात तलवारी आणि तोफा होत्या. पण लढाईचा पहिला अर्धा तास कुणाचा नांगर तळाला आहे आणि कुणाचा वर, यावर ठरतो, हे धड्यात नव्हतं. नांगरलेलं जहाज म्हणजे गोठ्यात बांधलेलं जनावर. नांगर उचलायला माणसं लागतात, वेळ लागतो. म्हणूनच जुन्या काळी शत्रू अंगावर आला की कुऱ्हाडीनं दोर तोडायचे आणि नांगर समुद्रालाच द्यायचे. मराठ्यांच्या बऱ्याच बोटी हलक्या आणि कमी पाण्यात चालणाऱ्या होत्या, खाडीत शिरून किनाऱ्याच्या आडोशाला राहायच्या.

(जाता जाता एक सांगतो. आम्हा झाडीवाल्यांचा समुद्राशी संबंधच नव्हता, हेही खरं नाही. नागपूरच्या भोसल्यांनी १७५१ च्या तहात ओडिशा मिळवला, तो १८०३ पर्यंत त्यांच्याकडं राहिला. म्हणजे बावन्न वर्षं आमच्या नागपूरकरांना बंगालच्या उपसागराचा किनारा होता. पण त्यातलं खारं पाणी केशोरीपर्यंत काही आलं नाही.)

मग मी शब्दकोश उघडले. मराठी कोशात नांगर या एकाच शब्दाखाली दोन्ही अर्थ दिलेले असतात, शेतीचं अवजार आणि जहाजाचं. शेतातला नांगर संस्कृत लांगल या शब्दातून आला. ल चा न झाला. आपल्याकडं ही अदलाबदल नवी नाही; निंब आणि लिंब, नवनीत आणि लोणी. समुद्रावरच्या नांगराची दुसरी वाट दिसते, ती फारसी लंगर या शब्दाची. हिंदीत जहाजाच्या नांगराला लंगरच म्हणतात. बंगालीत नांगराला लांगल आणि जहाजाच्या नांगराला नोंगर, म्हणजे तिथं दोघं भाऊ वेगळे राहतात. गुजरातीत जहाज लांगरतं. तमिळमध्ये नंगूरम. आपल्या मराठीत मात्र दोघं एकाच घरात, एकाच नावानं नांदतात. जेजुरीला खंडोबाचे वाघे जो लंगर तोडतात ती लोखंडी साखळी असते, तो लंगरही आपल्याकडं आहेच. पण दर्यावर्दी मराठी माणसानं रोजच्या वापरासाठी लंगर ठेवला नाही, नांगर घेतला.

का घेतला असेल? माझ्या मते, त्यानं वस्तू पाहिली म्हणून. फारसी शब्द कानावर आला असेलही, पण डोळ्यांना दिसला तो नांगर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना द्वारकेच्या समुद्रात शंभराहून अधिक दगडी नांगर सापडले आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळही असे नांगर मिळाले. काही लांबट दगडांना वर दोरासाठी एक भोक आणि खाली आडवी चौकोनी भोकं. त्या चौकोनी भोकांतून लाकडाचे खुंटे आरपार घालायचे, तेच तळाच्या मातीत रुतायचे. लाकडाचा खुंटा मातीत रुततोय, मागून ओढ आहे : आमच्याकडच्या कुठल्याही पोरानं त्याला काय म्हटलं असतं?

आणि ज्याला हे फक्त मराठी गावठी कल्पना वाटत असेल, त्याच्यासाठी आणखी एक. १९३३ मध्ये जेफ्री इंग्रम टेलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं एक नवा जहाजी नांगर तयार केला. स्वतः शिडाच्या होडीचा शौकीन. त्याच्या नांगराचं टोक शेतातल्या नांगराच्या फाळासारखं, दोन्हीकडं माती लोटणारं. सीक्यूआर नावानं तो जगभर खपला आणि इंग्रजीत त्याला फाळाचाच नांगर म्हणतात. इंग्रजांच्या भाषेत हे दोन शब्द अगदी परके आहेत. तरी केंब्रिजच्या माणसाला शेवटी शेतात यावं लागलं.

हे सगळं डोक्यात घेऊन त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो. बाबा आता थकले होते. शेती धाकटा भाऊ पाहायचा, पण रोवण्याआधीची चिखलणी बाबा स्वतः करायचे. संध्याकाळी अंगणात बसलो असताना मी थळच्या मामांचं सांगितलं. दोर लांब सोडला की नांगर घुसतो, आखूड केला की सुटतो. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "काहून रे बाबू, त्यात नवं काय आहे?"

उठले. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला लाकडी नांगर एका हातानं ओढत अंगणात आणला. मी धरायला गेलो तर "राहू दे" म्हणाले. नांगराचं लांब लाकूड, हळस, त्याच्या पुढच्या टोकाकडं तीन खाचा होत्या. लहानपणापासून मी त्या पाहत होतो. कधी विचारलं नव्हतं कशाला आहेत.

"जू इथं बांधलं," पहिल्या, सगळ्यांत पुढच्या खाचेवर बोट ठेवून ते म्हणाले, "तं नागर खाली घुसते. इथं मागं आनलं," शेवटच्या खाचेवर, "तं वर येते. जनावराची मान तेवढीच उंच राह्यते ना? लाकूड लंब असलं का निजते, आखूड असलं का उभं होते. निजलं का फार माती खाते, उभं झालं का सोडते."

मी गप्प बसलो. थळचे मामा आणि केशोरीचे बाबा. एकानं वावर नांगरलं नाही, दुसऱ्यानं समुद्र पाहिला नाही. दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली, जवळजवळ त्याच शब्दांत. नांगर चालवायचा असो की जहाज उभं करायचं असो, माती धरायची युक्ती एकच आहे : ओढ निजती ठेवा, धरेल, ओढ उभी करा, सुटेल. फरक एवढाच, की शेतात ओढणारा जिंकतो आणि समुद्रात माती जिंकते.

आणि मला हेही ऐकू आलं होतं की बाबा माझ्यासमोर नागर म्हणाले. एकदा नाही. बोलण्याच्या भरात त्यांना त्याचं भान नव्हतं, की होतं, मला सांगता येणार नाही. मला माफी मागायची होती. वीसेक वर्षं झाली होती, कशाची माफी, हेही आधी सांगावं लागलं असतं. मी एवढंच विचारलं, "बाबा, धानाच्या बांधीत नागर कोणत्या खाचेत?" मीही नागर म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "दुसऱ्या. चिखलात जास्त घुसवाचा नाही, जनावर मरते."

गुरुजींचा मला राग नाही. त्यांच्या वेळच्या पुस्तकात संबंध नव्हता, त्यांनी नाही म्हटलं. फक्त त्यांनी विचारलं असतं की तुझ्या घरी नागर कसा चालतो, तर पाचवीच्या त्या वर्गात निम्मी पोरं सांगू शकली असती, आणि जहाजाचा नांगर त्यांना त्याच दिवशी कळला असता.

आता दोन्ही शब्द निघायच्या वाटेवर आहेत. भाऊच्या धक्क्यावर अजून नांगर ऐकू येतो, पण वर्तमानपत्रात जहाज अँकर करतात. माझी पुतणी कॉलेजच्या कार्यक्रमात अँकरिंग करते, म्हणजे माइक धरून बोलते, तिला मी जहाजाचं सांगितलं तर ती म्हणाली, "काका, कुठून कुठं नेता!" मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा भरकटून बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, त्यातली सत्तरहून जास्त गेली. नांगर तुटल्याची बातमी मी गावी असताना वाचली, मोठ्यानं, आईला ऐकवत. आई तेव्हा नव्वदीला टेकलेली. तिनं विचारलं, "नागर तुटला तं मानसं कशी मेली?" मी तिला खाटेवर बसून सगळं समजावलं, वादळात लाटा वर ओढतात, ओढ उभी होते, साखळीवर ताण येतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कामाले गेलेली पोरं असतीन." होती. देशभरातून कामाला आलेली, खेड्यापाड्यातली पोरं.

बाबांच्या माघारी भावानं हल्ले विकले. आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो, दोन तासांत बांधी चिखलून जातो, आणि भावाची पाठ दुखत नाही. त्याला मी काही बोलत नाही. फाळ भंगारात गेला. हळस तेवढी राहिली, कारण लाकूड चांगलं, साजाचं. वहिनीनं ती परसात उभी पुरून तिच्यावर दोडक्याचा मांडव केलाय. मागच्या वेळी गेलो तेव्हा मांडवाची तार मधल्या खाचेत गुंडाळलेली होती. दुसऱ्या.